उलटा तंबोरा

उत्तरार्ध

शेवटाकडून सुरू करते. मी अकरा वर्षं मैफलीला मध्यंतरानंतरच आत गेले, त्यामुळे मला आधी उत्तरार्धच येतो. पूर्वार्ध शेवटी.

तर, दुपारचा सव्वा वाजलेला आहे. पाटबंधारे खात्याचं साताऱ्यातलं कार्यालय, पहिला मजला, आवक-जावक टेबल. डबा संपला आहे. घोरपडे मॅडम बँकेत निघाल्या आहेत. जाताना माझ्या टेबलावर टकटक करतात.

"वृंदा, नक्की ना? अडीचला येऊन पास घेते मग."

"घ्या की."

"शेवटी गाणारे तुमच्या आवडीचे आहेत म्हणे."

"मॅडम, घ्या."

पास पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. संगीत महोत्सव, तिसरा आणि शेवटचा दिवस, दुपारी चार ते रात्री नऊ, प्रवेश एका व्यक्तीस. गेल्या वर्षीही त्यांनाच दिला होता. खिडकीतून डिसेंबरचं ऊन फायलींवर पडलं आहे. शिक्का टेबलाच्या पलीकडच्या कडेला ट्रेमध्ये आहे, शाईच्या पॅडला झाकण लावलेलं. समोर सात पत्रं, शिक्का मारायची राहिलेली. जेवणानंतर मारीन. हातांची घडी टेबलावर, कपाळ हातांवर. झोपायचं नाही, फक्त डोळे मिटायचे.

पंखा बंद आहे तरी पंख्याची घरघर येते.

मग ती पंख्याची राहत नाही. तिला चार तारा आहेत. मागच्या जुन्या फायलींच्या खोलीत कोणीतरी तंबोरा छेडतं आहे आणि साहेबांना त्याचं काही वाटत नाही. मी उठते. खोलीचं दार लोटते. आत मांडव आहे.

पिवळ्या कापडाचा, शाळेच्या मैदानावरचा, तोच. रांगेने खुर्च्या, खुर्च्यांवर माणसांऐवजी लाल फीत बांधलेल्या फायली बसल्या आहेत, नीट, ताठ. काही डोलत आहेत. लांब स्टेजवर कोणीतरी खालच्या सुरात गातं आहे. मी शेवटून तिसऱ्या रांगेत बसते, कारण मध्यंतरानंतर आलेल्याला तीच मिळते.

"सरक," शेजारून आवाज येतो.

शेजारच्या खुर्चीवर शाल टाकून जागा धरलेली आहे. शाल उचलली जाते आणि वहिनी बसतात.

प्रमिलावहिनी, माझी मोठी जाऊ. त्यांना जाऊन सोळा महिने झाले. इथे, या खोलीत, ही गोष्ट मला ठाऊक आहे आणि तिचा काही उपयोग नाही. पदराला सुई टोचलेली, सुईत हिरवा दोरा. त्या घरी बसून साड्यांना फॉल लावायच्या. सुई हरवू नये म्हणून अंगावरच ठेवायच्या.

"सुई काढा की ती. टोचेल कोणाला."

"आता कोणाला टोचतेय," वहिनी म्हणतात.

"तुम्ही या भागात कशा? तुमचा तर पहिला अर्धा."

"शू. ऐक."

(स्वप्न इथे जरा थांबतं, तेवढ्यात मागचं सांगते. महोत्सव समितीतल्या एका बाईंच्या साड्या वहिनींकडे यायच्या. त्या दरवर्षी एक पास द्यायच्या. एकच. वहिनींनंतरही तो घरी येतो. ऐकणाऱ्या आम्ही दोघी. घरात दोन लहान पोरी, माझी केतकी आणि त्यांची रेवा. दोघे भाऊ गॅरेज बंद करून दहाशिवाय घरी येत नाहीत. माझं ऑफिस पावणेसहाला सुटणार. वाटणी आपोआप झाली. चारपासून मध्यंतरापर्यंत वहिनी, तिथून शेवटपर्यंत मी. सहाला पाळणाघरातून दोघींना उचलायचं, साडेसहाला मैदानाच्या फाटकाशी पोचायचं. वहिनी बाहेर, मी आत, पोरी माझ्या कडेवरून त्यांच्या कडेवर. पहिल्या भागात नवखी मुलं गायची, दुसऱ्या भागात नावाजलेली माणसं. म्हणजे चांगला अर्धा अकरा वर्षं मला मिळाला. वहिनी एकदाही काही बोलल्या नाहीत. मला ते लागायचं. म्हणून महोत्सवाचे तीन दिवस सगळ्या घराच्या पोळ्या मी करायचे आणि दिवाळीला साडी आधी त्यांनी निवडायची.

पोरी मोठ्या झाल्या तरी फाटकापर्यंत माझ्यासोबत यायच्या, पास एकच राहिला.

अकराव्या वर्षी, म्हणजे दोन डिसेंबरांपूर्वी, वहिनी म्हणाल्या, "वृंदा, शेवटच्या दिवशी मध्यंतरानंतरची वीस मिनिटं मला दे. नुसता आलाप ऐकते आणि येते बाहेर." मी म्हणाले, बसा की. ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. दोघींनाही माहीत नव्हतं.)

स्टेजवरचा आवाज खाली, अगदी खाली उतरला आहे. आता तिथून वर यायला लागेल. वहिनींची मान एकीकडे कलली आहे. मला त्यांचा कान दिसतो, कानातली मोत्याची कुडी दिसते. इतक्या जवळून मी त्यांना गाणं ऐकताना कधी पाहिलेलंच नाही. आम्ही एका मांडवात कधी बसलोच नव्हतो.

आणि कोंबडा आरवतो.

वहिनींचा फोन. ही रिंगटोन रेवाने लावून दिली होती, आईला बदलता येत नाही हे बघून. खुर्च्यांवरच्या फायली वळून बघतात. वहिनी पिशवीत हात घालतात. पिशवीत रिळं आहेत, कात्री आहे, अजून रिळं आहेत. कोंबडा आरवतच राहतो. मी म्हणते, बंद करा, वहिनी, बंद करा. मग बघते तर माझ्या हातात माझा फोन आहे आणि मीच लावते आहे. अंगठा काचेवरून उचलत नाही.

मध्यंतर

फाटक. इथे थंडी आहे.

किल्ल्यावरून वारा खाली येतो आहे. केतकी आणि रेवा भिंतीला टेकून एकाच मफलरमध्ये उभ्या आहेत. हे स्वप्न नाही, हे तसंच झालं होतं. मी पंचवीस मिनिटं उभी होते. ऑफिसात वरून तपासणी आलेली, आठवडाभर जेवण धड नाही, पाय दुखत होते, आतून आलाप ऐकू येत होता आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं: तो माझा अर्धा आहे.

आठ वेळा फोन लावला. आठव्यांदा आतून कोंबडा ऐकू आला, फाटकापर्यंत. त्यानंतर लोकांचा एक हलका आवाज, हसण्याचा आणि चिडण्याचा मिळून. मग वहिनी आल्या. मान खाली. म्हणाल्या, "जा. चांगलं लागलंय."

एवढंच. जानेवारीत त्यांच्या पोटात दुखायला लागलं. ऑगस्टमध्ये संपलं. मधल्या सात महिन्यांत मी त्यांना दवाखान्यात नेलं, आणलं, केस विंचरले, डबे नेले. त्या आठ फोनांबद्दल बोलले नाही. रोज बोलणार होते.

आता, इथे, त्या पुन्हा बाहेर येत आहेत. मान खाली नाही. चालता चालता मांडवाच्या कापडाची कड दोन बोटांत धरून बघत आहेत, फॉल नीट लागला आहे का.

फाटकावर इनामदारकाका आहेत. जिवंतपणी होते तसेच, म्हणजे ते अजूनही जिवंत आहेत, पण इथे आले आहेत. महोत्सवाला आत जाताना ते प्रत्येकाच्या मनगटावर जांभळा शिक्का मारतात, गोल, मध्ये तिरका तंबोरा. बाहेर गेलेल्याने परत येताना मनगट दाखवायचं. आमची युक्ती त्यावरच चालायची. वहिनी बाहेर आल्या की बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब मनगटावर टाकायच्या आणि मनगट माझ्या मनगटावर दाबून धरायच्या, दहा आकडे मोजेपर्यंत. शिक्का माझ्यावर उठायचा. फिकट आणि उलटा. त्यांचा तंबोरा उजवीकडे झुकलेला, माझा डावीकडे. इनामदारकाका दरवर्षी टॉर्च मारून बघायचे आणि म्हणायचे, "तंबोरा उलटा झालाय तुमचा." वहिनी म्हणायच्या, "आत गेला की होतोय सरळ." आणि काका सोडायचे.

"वहिनी," मी म्हणते, "मी आठ वेळा फोन लावला."

"नऊ."

"आठ. मी मोजलेत."

"एक सकाळचा. दूध आणा म्हणून. तो पण त्यातच दाखवत होता."

"लोक वळून बघत होते?"

"बघणारच की. भर आलापात कोंबडा. पुढचा म्हातारा म्हणाला, उजाडलं वाटतं."

मला हसू येतं. ते मला थांबवता येत नाही, आणि हसता हसता रडू येतं.

"हसू नका ना, वहिनी."

"मी कुठं हसतेय? तूच हसतेयस."

"वाईट वाटलं होतं तुम्हाला?"

वहिनी पदरातली सुई काढतात आणि मांडवाच्या उसवलेल्या कडेला चार टाके घालतात. पिवळ्या कापडावर हिरवा दोरा.

"वाटलं. खोटं कशाला सांगू? टाकीपाशी पोचेपर्यंत वाटलं."

"कुठल्या टाकीपाशी?"

सुई थांबते.

"वहिनी, कुठली टाकी?"

"दोरा संपला," त्या म्हणतात.

आणि कुकरची शिट्टी होते.

आमचं स्वयंपाकघर. मी दारात उभी आहे, कानात अजून गाणं आहे, घड्याळात साडेनऊ. वहिनी ओट्याशी. कुकरची पहिली शिट्टी आत्ता झाली आहे. त्या माझ्याकडे न बघता म्हणतात, "आत्ताच लावलाय. गरम बरा म्हणून."

हे वाक्य मला पाठ आहे. दरवर्षी तीन दिवस मी साडेनऊला घरात पाऊल टाकायचे आणि पहिली शिट्टी व्हायची, आणि त्या हे म्हणायच्या. मला वाटायचं, किती करते ही बाई माझ्यासाठी.

ओट्याजवळ दोन पोरी बसल्या आहेत, चार-पाच वर्षांच्या. डोक्यात लोकरीच्या टोप्या. घरात टोप्या का? नाकं लाल. मी केतकीची टोपी काढून हुंगते. तळणाचा वास. पोरगी आंघोळ करताना एक चीज गुणगुणायची, पाच वर्षांची असताना, महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी सगळ्यांना सांगत फिरले होते की माझं ऐकून शिकली. पण ती चीज मध्यंतरानंतरची होती आणि मी घरी येऊन ती अजून गुणगुणलेच नव्हते.

सात वाजता घरी पोचलेली बाई साडेनऊला कुकर का लावेल?

"वहिनी."

"हं."

"तुम्ही घरी जातच नव्हता."

दुसरी शिट्टी. त्या गॅस बारीक करतात. मग वळतात. सोळा महिन्यांत, आणि त्याआधीही कधी, मी वहिनींना असं ओशाळलेलं पाहिलेलं नाही.

"संपलं की मागच्या बोळातून पळायचो," त्या म्हणतात. "रेवा पुढं, तुझी कडेवर. तू मोठ्या रस्त्याने यायचीस, डोक्यात गाणं घेऊन, रमतगमत. तेवढ्यात तांदूळ धुऊन व्हायचे."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही."

"दरवर्षी?"

"एकदा केतकीला ताप होता. तेव्हा नाही."

स्वयंपाकघराचं मागचं दार बोळात उघडतं. आज ते बोळात उघडत नाही.

शाळेची पिण्याच्या पाण्याची टाकी. सहा नळ, त्यातला एक गळतो. टाकीला लागून सिमेंटचा कट्टा. समोर मांडवाची मागची बाजू, आणि कापडात एक फट. फटीतून स्टेज दिसतं, मागून. गाणाऱ्याची पाठ, झब्ब्याला आलेल्या घामाचा डाग, मागे हळूच पसरलेला एक पाय. तंबोऱ्यावरची मुलगी दुसऱ्या हाताने पोटरी खाजवते आहे. कर्ण्यांची तोंडं पलीकडे आहेत, त्यामुळे आवाज इकडे सरळ येतो, माणसाचा येतो तसा. शेजारी भजीवाल्याची गाडी, त्याची चूल, चुलीची ऊब. कट्ट्यावर शाल, शालीवर दोन पोरी झोपलेल्या, डोकी वहिनींच्या मांडीवर.

"इथं?"

"इथं. समोरून सगळ्यांची तोंडं बघावी लागतात. इथून नुसती पाठ. बरं असतं. त्या एका वर्षी तेवढं तोंड बघावंसं वाटलं, म्हणून वीस मिनिटं मागितली."

मी कट्ट्यावर बसते. सिमेंट गार आहे.

"म्हणजे तुम्ही पूर्ण ऐकायचात."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि मी अर्धं."

"आणि तू अर्धं."

"आणि पोळ्या मी करायचे."

"मऊ व्हायच्या गं तुझ्या," वहिनी म्हणतात. "तेच तर. सांगितलं असतं तर बंद झाल्या असत्या."

मला राग येतो. खरा. अकरा वर्षांच्या पोळ्या, अकरा दिवाळ्यांच्या साड्या, ती मोरपंखी जी मला हवी होती. सोळा महिने मी या बाईच्या फोटोसमोर नजर वर करू शकले नाही. आणि ही इथे भजी खात होती. मला तिच्याशी भांडायचं आहे. मोठ्याने, बोळात ऐकू जाईल असं. आणि भांडावंसं वाटल्याबरोबर छातीवरून कोणीतरी उठून बाजूला बसल्यासारखं होतं. मेल्या माणसाशी भांडता येत नाही असं मला वाटत होतं. येतं.

"ती मोरपंखी साडी," मी म्हणते.

"घे की. कपाटात आहे. मी काय करू तिचं?"

"सांगितलं का नाही?"

उत्तराऐवजी कट्ट्याची लोखंडी खाट होते. दवाखान्याची खोली, हिरवे पडदे, सलाइनचा स्टँड. स्टँडला बाटलीच्या जागी तंबोरा टांगला आहे आणि त्याच्यातून थेंब थेंब काहीतरी खाली येतं आहे. वहिनी उशीला टेकून बसल्या आहेत. माझ्या हातात डबा आहे.

"इथं सांगणार होते," त्या म्हणतात.

"मग?"

"तू रोज डबा घेऊन यायचीस, तोंड पाडून. म्हटलं, आधी डबे तरी खाऊन घ्यावेत."

"वहिनी, नीट सांगा."

त्या चादरीची कड बोटांत धरतात, दुमडतात, सोडतात.

"घाबरले," त्या म्हणतात. "तू चिडशील, आणि मग चिडलेलीच राहशील. तेवढा वेळ नव्हता समजूत काढायला."

"मी पण घाबरले होते. त्या फोनांचं बोलायला."

"माहितेय. डबा उघडताना रोज 'वहिनी, एक सांगायचंय' म्हणायचीस आणि मग भाजीत काय घातलंय ते सांगायचीस."

तंबोऱ्यातून एक थेंब पडतो. आम्ही दोघी त्याच्याकडे बघतो.

"त्या दिवशी तुमचं किती ऐकायचं राहिलं?" मी विचारते. "खरं सांगा."

"तुला शिक्का दिला, पोरींना घेतलं, वळसा घालून मागे आले. चार मिनिटं."

"बस?"

"बस काय? चांगली चार मिनिटं होती. एकदम वरचा सूर तिथंच लागला त्याचा. भजीवाल्याने सांगितलं."

"मग आता?"

"आता काय, तू ऐक. पहिल्यापासून बस. अकरा वर्षं त्या मांडवात चारला कोण असतं ते तू पाहिलं नाहीस." त्या पाय खाली सोडतात, चपला शोधतात. "ऊठ. तुला दाखवते."

पूर्वार्ध

दुपारचे चार.

मैदानावर ऊन आहे. मी मांडवात ऊन कधी पाहिलेलं नाही. माझ्या मांडवात नेहमी दिवे असतात. पिवळ्या कापडातून आलेलं ऊन सगळ्यांना हळद लागल्यासारखं करतं. सगळे म्हणजे पंधरा-वीस माणसं. बाकी खुर्च्या रिकाम्या. दोन बायका थर्मास उघडत आहेत. कोणीतरी सतरंजी झटकतं आहे. माईकवाला एक-दोन-तीन, एक-दोन-तीन म्हणतो आहे आणि तीनच्या पुढे जात नाही.

"एवढेच लोक?"

"चारला एवढेच. सहापर्यंत भरतं."

स्टेजवर एक मुलगी बसली आहे. वीस-बावीसची असेल. साडी आईची असावी, नीट चापूनचोपून नेसवलेली. तंबोरा लागत नाही. ती खुंटी पिळते, तार छेडते, तोंड करते, पुन्हा पिळते. तबलेवाला हातोडीने कडेवर ठकठक करतो आहे. ती पाण्याचा पेला उचलते आणि न पिता खाली ठेवते.

"घाबरलीय," मी म्हणते.

"सगळेच घाबरतात. म्हणून मी दुसऱ्या रांगेत बसायचे. अगदी समोर. मान हलवायची."

"कळायचं तुम्हाला?"

"कधी कळायचं, कधी नाही. मान हलवायची. कोणीतरी समोर हवं ना गं. रिकाम्या खुर्च्यांसमोर सा कसा लावायचा पोरीने?"

मी त्यांच्याकडे बघते. अकरा वर्षं मी समजत होते की वहिनींच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मी त्याबद्दल पोळ्या लाटत होते.

"मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी सोडता."

"तू ऑफिसात होतीस म्हणून मला मिळायचं. मीच म्हणायचे, हिची बदली सकाळच्या पाळीत न होवो."

"आमच्यात पाळ्या नसतात, वहिनी."

"मला काय माहीत. मी देवाला सांगून ठेवलं होतं."

आम्ही पुन्हा फाटकाशी आहोत, पण आतून नाही, बाहेरून. आत जायचं आहे. इनामदारकाकांच्या हातात लाकडी मुठीचा शिक्का आहे.

"हात," ते म्हणतात.

मी वहिनींना पुढे करते. वहिनी मला पुढे करतात.

"तिचा आधी," त्या म्हणतात.

मी डावा हात पुढे करते. शिक्का मनगटावर टेकतो आणि दाबला जातो. मला हे माहीत नव्हतं. मला वहिनींचं मनगट माहीत होतं, गरम, ओलं, त्यातली धडधड. शिक्का स्वतः कसा लागतो ते माहीत नव्हतं. गार आहे. रबर जरा ओढतं. काका मूठ थोडी डुलवून सगळी कड उमटू देतात, मग उचलतात. जांभळा, ओला, स्वच्छ. तंबोरा उजवीकडे झुकलेला.

"सरळ आलाय," काका म्हणतात, आणि टॉर्च विझवतात, जरी ऊन आहे.

"आण," वहिनी म्हणतात. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब. त्या आपलं मनगट माझ्या मनगटावर दाबतात. मी मोजते. त्यांचं मनगट गरम आहे. मी हळू मोजते. आठ. नऊ. नऊनंतर मी दहा म्हणत नाही.

"दहा," त्या म्हणतात आणि हात काढून घेतात. त्यांच्या मनगटावर फिकट गोल. तंबोरा डावीकडे.

"आता तुमचा उलटा."

"मला कोण अडवतंय."

"बसा ना शेजारी. दुसऱ्या रांगेत. जागा आहे."

"नको. मला मागची सवय झालीय." त्या पदराची सुई चाचपतात, आहे. मग शाल काढून माझ्या हातात देतात. "शेजारच्या खुर्चीवर टाक. म्हणजे मांडीवर फायली घेऊन कोणी बसणार नाही."

"वहिनी, ते फोन."

"फोन बंद ठेव," त्या म्हणतात. "काय भरवसा, मीच लावायचे."

त्या कापडाच्या कडेने चालत जातात. हिरव्या टाक्यांपाशी जरा थांबतात, टाके ओढून बघतात. वळसा घेतात. टाकीचा नळ कोणीतरी घट्ट बंद केल्याचा आवाज येतो.

मी दुसऱ्या रांगेत बसते. शेजारी शाल. माईकवाला चार म्हणतो. तंबोरा लागतो, एकदम, जसा दिवा लागतो. मुलगी डोळे मिटते. मग उघडते, समोर बघते, मला बघते. मी मान हलवते.

ती श्वास घेते.

डोळे उघडतात तेव्हा समोर फायली आहेत आणि ऊन एक फाईल पुढे सरकलं आहे. दोन वाजून चोवीस मिनिटं. गालावर बांगडीचा वळ. मी हात उचलते आणि तसाच धरून ठेवते.

डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळा गोल आहे. तंबोरा नाही. कडेने आमच्या कार्यालयाचं नाव, मध्ये 'आवक', खाली आजची तारीख, सकाळी मीच फिरवून ठेवलेली.

ओल्या पत्रावर हात पडला असता तर अक्षरं उलटी उठली असती. दुसरीकडून आलेला शिक्का कसा दिसतो हे माझ्याइतकं साताऱ्यात कोणाला माहीत नसेल. ही अक्षरं सरळ आहेत. सातही पत्रं बिनशिक्क्याची, कोरडी. शिक्का पलीकडच्या ट्रेमध्ये. पॅडचं झाकण लावलेलं.

मी रजेचा अर्ज काढते. अर्ध्या दिवसाची. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिते. मग केतकीला फोन लावते.

"आज संध्याकाळचा कुकर तू लाव. आठला लाव."

"म्हणजे काकूसारखा उशिरा नको," केतकी म्हणते.

टाकीचं विचारावंसं वाटतं. विचारत नाही. मध्यंतरात मागे जाऊन बघेन.

घोरपडे मॅडम येतात. "आणा पास."

"मॅडम, मी जातेय."

"अरे वा." त्या खुर्ची ओढून बसतात. विचार करतात. "मग असं करूया का? तुम्ही तर नंतरच जाता. चार ते मध्यंतर मी बसते, तिथून पुढे तुम्ही. एका पासात दोघींचं होईल."

"नाही, मॅडम. पूर्ण ऐकणार आहे."

"पाच तास?"

"पाच तास."

त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे जातं. "हे काय? झोपेत हातावर शिक्का मारून घेतलात?" त्या हसत पाण्याची बाटली उघडतात, रुमालाचं टोक भिजवतात. "द्या इकडे, पुसते."

"असू द्या," मी म्हणते आणि हात मागे घेते.

निघण्याआधी टेबल मोकळं करायला हवं. पॅडचं झाकण काढते, एकेक पत्र पुढे ओढते आणि मूठ जरा डुलवून सगळी कड उमटू देते. सात पत्रं, सात शिक्के. आठवा आधीच उठलेला आहे, सरळ.